मोबाइलवर वाचली जाणारी मराठी वेबसाइट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंबा बागायतदार, होमस्टे चालवणारी कुटुंबं, वाचनालयं, पतसंस्था, दिवाळी अंक काढणारी मंडळी यांच्या साइट करताना काही प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात. त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहून ठेवतो आहे. काही उत्तरं साइटच्या मालकांसाठी आहेत, काही साइट बनवणाऱ्या मुलामुलींसाठी. सगळी एकाच समजुतीवर उभी आहेत: तुमचा वाचक आठ-दहा हजारांचा फोन हातात धरून, एका अंगठ्याने, जमेल तशा रेंजमध्ये तुमची साइट उघडतो. त्या फोनवर जे जमत नाही, ते त्याच्या लेखी नाहीच.

आमची साइट मोबाइलवर उघडते. मग अजून काय करायचं राहिलं?

उघडणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. २००७ साली आयफोन आला तेव्हा बहुतेक साइट कॉम्प्युटरच्या रुंदीच्या होत्या. म्हणून आयफोनच्या सफारीत अशी सोय केली होती, की पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून मांडायचं आणि मग आक्रसून छोट्या पडद्यावर बसवायचं. ही सोय आजही मोबाइल ब्राउझरांत आहे. तुमच्या पानाच्या हेडमध्ये (कोडच्या, वाचकाला न दिसणाऱ्या वरच्या भागात) व्ह्यूपोर्टची मेटा ओळ, म्हणजे पान पडद्याच्या रुंदीत मांडायला सांगणारी ओळ नसेल, तर ब्राउझर तेच करतो. पान अख्खं दिसतं, पण अक्षरं मुंगीएवढी. त्या ओळीत विड्थ ‘डिव्हाइस-विड्थ’ आणि इनिशियल-स्केल १ एवढंच हवं.

मग एक साधी परीक्षा घ्या. चिमटीने मोठं न करता आणि पान आडवं न सरकवता शेवटपर्यंत वाचता येतं का? पान आडवं सरकत असेल तर बहुतेक वेळा दोषी तिघांपैकी एक असतो: पक्क्या रुंदीचा तक्ता, एम्बेड केलेला नकाशा, किंवा मथळ्यातला लांबलचक मराठी शब्द. त्या शब्दाबद्दल पुढे लिहिलं आहे.

मोबाइलसाठी वेगळी साइट करायची का?

नको. पूर्वी ‘एम’ने सुरू होणारा वेगळा पत्ता ठेवायची पद्धत होती. त्यात दर दुरुस्ती दोनदा करावी लागे, आणि कोणी मोबाइलवरची लिंक पाठवली की कॉम्प्युटरवर ती बेढब दिसे. २०१० साली ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ ही कल्पना मांडली, म्हणजे एकच पान आणि पडद्याच्या रुंदीप्रमाणे बदलणारी मांडणी. तीच पुढे रुळली. सीएसएस (पानाची मांडणी आणि रंगरूप ठरवणारे नियम) लिहिताना आधी अरुंद पडद्यासाठी लिहा आणि मोठ्या पडद्यासाठीचे नियम नंतर जोडा. उलट केलं की मोबाइलवर नुसती लपवालपवी होते. डाउनलोड तर सगळंच होतं, फक्त दिसत नाही.

गूगलच्या दृष्टीने मोबाइलचं पान खरंच महत्त्वाचं आहे का?

हो. २१ एप्रिल २०१५ पासून मोबाइलवरच्या शोधात मोबाइलला अनुकूल पानांना झुकतं माप मिळू लागलं. २०१८ पासून गूगलने टप्प्याटप्प्याने साइटची नोंदच मोबाइलच्या पानावरून घ्यायला सुरुवात केली. त्यामुळे जो मजकूर फक्त कॉम्प्युटरच्या पानावर ठेवलात, तो शोधात सापडेल अशी आशा धरू नका.

तपासायचं कोणत्या फोनवर?

माझं उत्तर ठाम आहे: आपल्या फोनवर नाही. साइट बनवणाऱ्याचा फोन सहसा वाचकाच्या फोनपेक्षा चांगला असतो. एक स्वस्त, दोन-तीन वर्षं जुना अँड्रॉइड फोन जवळ ठेवा, स्टोरेज जवळजवळ भरलेला असेल तर आणखी उत्तम. कॉम्प्युटरच्या क्रोममध्ये मोबाइलचा आकार दाखवणारी सोय मांडणी बघायला ठीक आहे. पण त्यात प्रोसेसर तुमच्या कॉम्प्युटरचाच असतो, म्हणून सीपीयू चार किंवा सहा पट मंद करायचा पर्याय आणि स्लो फोरजी, दोन्ही लावून बघा. आणि यूएसबी केबलने खरा फोन जोडून क्रोमच्या डेव्हटूल्समधून (पान तपासायच्या साधनांतून) त्यातलं पान तपासायला शिकाच. तासाभराचं काम आहे, आयुष्यभर उपयोगी पडतं.

रुंदी निदान ३६० सीएसएस पिक्सेलवर (ब्राउझर मांडणीसाठी मोजतो त्या पिक्सेलवर; पडद्याचे खरे ठिपके त्याच्या दुप्पट-तिप्पट असू शकतात) तपासा, आणि ३२० वरही पान मोडू देऊ नका. कितीतरी ज्येष्ठ वाचक फोनच्या सेटिंगमध्ये डिस्प्ले मोठा करून ठेवतात, आणि तसं केलं की ब्राउझरला मिळणारी रुंदी कमी होते.

एकदा भर दुपारी अंगणात उभं राहून साइट उघडा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं ऑफिसात देखणी दिसतात, उन्हात ती दिसतच नाहीत.

आयफोनवर क्रोम टाकून तपासलं तर चालेल ना?

चालेल, पण ते सफारी तपासल्यासारखंच आहे. युरोपीय संघासारख्या काही ठिकाणी २०२४ पासून मिळालेली मुभा सोडली, तर आयफोनवरच्या सगळ्या ब्राउझरांना ॲपलचं वेबकिट इंजिनच वापरावं लागत आलं आहे. म्हणजे अँड्रॉइडवरचं क्रोम आणि आयफोनवरचं क्रोम, नाव एक असलं तरी आतलं यंत्र वेगळं. सॅमसंगच्या फोनांवर त्यांचा स्वतःचा ब्राउझर आधीपासून असतो, तोही बघा.

मराठी मजकूर मोबाइलवर कसा ठेवायचा?

हा प्रश्न सगळ्यात कमी विचारला जातो आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. टेम्पलेट, म्हणजे साइटचे तयार साचे, रोमन लिपीसाठी बनवलेली असतात. त्यांत मराठी मजकूर ओतला की तो तसाच बसतो, असं गृहीत धरलं जातं.

पहिली चूक लेटर-स्पेसिंगची. इंग्रजी मथळ्यांत अक्षरांमध्ये थोडी जागा सोडली की छान दिसतं. देवनागरीत तसं केलं की शिरोरेषा तुटते. ‘आमच्याविषयी’ हा शब्द आ, म, च्या, वि असा तुकड्यातुकड्यांत लटकतो. मराठी मजकुरावर लेटर-स्पेसिंग शून्यच हवं. टेम्पलेट घेतलं की मी हा नियम सगळ्यात आधी शोधून काढून टाकतो.

दुसरी चूक ओळींमधल्या अंतराची. आपल्या अक्षरावर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. ‘सर्वांच्या कृपेने’सारखं काही लिहा, एकाच ओळीत वर-खाली किती पसारा होतो ते दिसेल. लाइन-हाइट १.६ ते १.७ ठेवा आणि अक्षर १७ किंवा १८ पिक्सेल. रोमनसाठी १६ पुरतं, पण देवनागरीचा मधला भाग त्याच मापात बारीक दिसतो. बटणांची उंची पक्की ठेवून ओव्हरफ्लो (बाहेर येणारा भाग) लपवला असेल तर ‘सुरू करू’मधला ‘सु’चा उकार कापला जातो. हे मी चांगल्या मोठ्या साइटवरही पाहिलं आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे मराठी शब्दाला प्रत्यय चिकटतात. ‘महानगरपालिकेच्यासुद्धा’ हा एकच शब्द आहे, आणि २८ पिक्सेलच्या मथळ्यात तो अरुंद पडद्याबाहेर जाऊ शकतो. लांब शब्द मधे तोडणारा ओव्हरफ्लो-रॅपचा नियम लावा आणि मोबाइलवर मथळे लहान करा. दोन्ही कडा सरळ करणारं जस्टिफाय मोबाइलवर नकोच. लांब शब्द पुढच्या ओळीत गेला की मागे भगदाडं उरतात.

चौथी: बातमीचा किंवा वस्तूचा मथळा ‘चाळीस अक्षरांवर’ कापणारा कोड. संगणकाच्या मोजणीत मात्रा आणि हलन्तही वेगळे मोजले जातात, त्यामुळे शब्द ‘स्वातंत्र्’ असा लुळा पडून संपतो. कापायचंच असेल तर सीएसएसच्या लाइन-क्लॅम्पने ओळी मोजून कापा.

आणि एचटीएमएलच्या पहिल्याच टॅगमध्ये भाषा ‘एमआर’ लिहा. टेम्पलेटमध्ये तिथे इंग्रजी असते आणि कोणी बदलत नाही. भाषा मराठी सांगितली की काही फॉन्ट ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दाखवतात, हिंदीच्या वळणाचे नाही. शिवाय दृष्टिहीन वाचकाच्या स्क्रीन रीडरला मजकूर कोणत्या भाषेत वाचायचा ते कळतं.

फॉन्ट कोणता घ्यावा? आणि तो साइट जड करत नाही का?

मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी हे सगळे मोफत आहेत आणि चांगले आहेत. पण जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकार ठेवावे लागतात, म्हणून तो रोमन फॉन्टपेक्षा जड असतो. दोन वजनं, म्हणजे अक्षरांच्या जाडीचे दोन प्रकार पुरेत, रेग्युलर आणि बोल्ड. टेम्पलेटसोबत नऊ वजनं येतात, ती तशीच सोडू नका. फॉन्ट-डिस्प्ले ‘स्वॅप’ ठेवा, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्या अक्षरात मजकूर दिसत राहतो. छोट्या साइटला फोनमधला देवनागरी फॉन्टही उत्तम चालतो, आणि त्याला डेटा लागत नाही.

फाइल हलकी करायला फॉन्टचा सब्सेट (लागणारीच अक्षरं ठेवलेली छोटी प्रत) करणार असाल तर एक खबरदारी घ्या. काही कीबोर्ड ‘ऱ्य’ लिहिताना र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं एक जोडचिन्ह वापरतात, झिरो विड्थ जॉइनर. सब्सेटमधून किंवा फॉर्म साफ करणाऱ्या कोडमधून ते गळालं की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. सह्याद्रीतल्या दऱ्यांबद्दल लिहिलेलं पान समुद्राबद्दल बोलू लागतं.

जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात टाइप केलेला मजकूर तुमच्याकडे असेल, तर तो आधी युनिकोडमध्ये बदला. फॉन्ट नसलेल्या फोनवर तो नुसता चिन्हांचा ढीग दिसतो, आणि शोधात कधीच सापडत नाही.

मराठी मजकूर जास्त जागा घेतो म्हणे?

यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या एका चिन्हाला तीन बाइट लागतात हे खरं. तरी दोन हजार शब्दांचा लेख चाळीस केबीच्या आसपास जातो, आणि सर्व्हरवर जीझिप किंवा ब्रॉटली (मजकूर दाबून लहान करायच्या पद्धती) चालू असेल तर त्याहून खूप कमी. फोनवर काढलेल्या एका फोटोच्या वजनात असे कित्येक लेख बसतील. मजकुरात काटकसर करू नका.

मग फोटो किती मोठे टाकायचे?

एका बागायतदाराच्या साइटवर हंगामाच्या सुरुवातीला ऑर्डर येईनात. पहिल्याच पानावर हापूसच्या पेट्यांचे बारा फोटो होते, फोनमधून काढले तसेच टाकलेले. एकेक फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि चार एमबीच्या घरातला. म्हणजे दर आणि फोन नंबर दिसायच्या आधी जवळपास पन्नास एमबी उतरायचे होते. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाने कदाचित वाट पाहिलीही असती, पण लोकलमध्ये उभा असलेला माणूस पाहणार नाही.

३६० सीएसएस पिक्सेलच्या पडद्याची घनता तिप्पट धरली तरी १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो पुरतो, आणि दुप्पट घनतेचा ७२० पिक्सेलचाही डोळ्याला छान दिसतो. वेबपी स्वरूप वापरा. २०२० पासून सफारीतही ते चालतं. इमेजच्या टॅगमध्ये एसआरसीसेट आणि साइझेस लिहून एकाच फोटोचे तीन आकार द्या, म्हणजे ब्राउझर आपल्यापुरता घेईल. खालच्या फोटोंना लोडिंग ‘लेझी’ लावा, म्हणजे वाचक तिथवर आल्यावरच ते उतरतात. सगळ्यात वरच्या मोठ्या फोटोला मात्र लावू नका, नाहीतर जे आधी दिसायला हवं तेच उशिरा येतं. त्या बागायतदाराचे बारा फोटो मिळून पाऊण एमबीत बसले, आणि दर व नंबर फोटोंच्या वर आणले.

वेळापत्रक किंवा दरपत्रक इमेजच्या रूपात टाकलं तर?

टाकू नका. व्हॉट्सॲपवर फिरणारं पत्रक साइटवर चिकटवलं की ते मोठं करून, सरकवत वाचावं लागतं. शोधात येत नाही, कॉपी होत नाही, आणि स्क्रीन रीडरला त्यात काहीच सापडत नाही. पीडीएफचंही तेच. मजकूर टाइप करा, पत्रक हवं तर खाली जोडा.

साइट हळू उघडते. होस्टिंग बदलू का?

आधी जावास्क्रिप्ट, म्हणजे पानातल्या हलत्या-चालत्या गोष्टींमागचा कोड बघा. दोनशे केबीचा फोटो उतरला की दाखवायचा, संपलं. दोनशे केबीचं जावास्क्रिप्ट उतरल्यावर फोनला ते वाचावं, समजून घ्यावं आणि चालवावं लागतं, आणि स्वस्त फोनचा प्रोसेसर तिथेच धापा टाकतो. स्लायडर, चॅटचा फुगा, तीन-चार ट्रॅकर, इन्स्टाग्रामची फीड हे सगळं एकेक करून बंद करा आणि दर वेळी मोजा. पहिल्या पानावरचा फिरता स्लायडर मी आता करूनच देत नाही. दुसरी स्लाइड यायच्या आत वाचक पुढे सरकलेला असतो.

मोजायला गूगलची पेजस्पीड इनसाइट्स वापरा. मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, बोट लावल्यावर २०० मिलिसेकंदांत पानाने प्रतिसाद द्यावा आणि मांडणी सरकण्याचा आकडा ०.१ च्या आत असावा. शंभरातल्या पंचाहत्तर भेटींत हे जमलं तर पान चांगलं धरतात. प्रतिसादाचं हे माप मार्च २०२४ पासूनचं आहे. त्याआधी फक्त पहिल्या स्पर्शाचा उशीर मोजत असत.

वाचताना मजकूर अचानक खाली का उडी मारतो?

वरचा फोटो किंवा जाहिरात उशिरा येते म्हणून. प्रत्येक इमेजला रुंदी आणि उंची लिहा, जाहिरातीसाठी जागा आधीच राखून ठेवा.

फॉर्म मोबाइलवर कोणी पूर्ण भरत नाही. काय चुकतंय?

माझ्या मावशीचा अनुभव सांगतो. एका संस्थेच्या साइटवर ती नोंदणी करत होती. तिच्या फोनवर मराठी कीबोर्ड असतो, तिने मोबाइल नंबर देवनागरी अंकांत लिहिला. साइट म्हणाली, ‘अवैध क्रमांक’. तिने दहा आकडे पुन्हा मोजले, पुन्हा लिहिले. पुन्हा अवैध. चार वेळा झाल्यावर तिने फोन बाजूला ठेवला आणि मला म्हणाली, “अरे, माझा नंबर बंद पडलाय का बघ जरा.” चूक तिची नव्हतीच. कोडमध्ये फक्त इंग्रजी अंक स्वीकारायची अट होती. ० ते ९ देवनागरी अंक इंग्रजी अंकांत बदलायला एक ओळ पुरते. मराठी साइटने ती ओळ लिहायलाच हवी. त्या दिवसापासून माझ्या प्रत्येक फॉर्ममध्ये ती आहे.

बाकीच्या गोष्टीही अशाच छोट्या आहेत. नंबरच्या रकान्याला टाइप ‘टेल’ द्या म्हणजे आकड्यांचा कीबोर्ड उघडतो. ओटीपीला ऑटोकम्प्लीट ‘वन-टाइम-कोड’ द्या. रकान्यातलं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान असेल तर आयफोनची सफारी त्यावर बोट ठेवताच पान झूम करते, म्हणून १६ किंवा जास्त ठेवा. जन्मतारखेला कॅलेंडर नको. ते आजच्या महिन्यावर उघडतं आणि सत्तरीच्या माणसाला किती मागे जायचं ते कळत नाही. दिवस, महिना, वर्ष असे तीन साधे रकाने द्या.

आणि भरलेला मजकूर जपून ठेवा. कमी रॅमच्या फोनवर माणूस ओटीपी बघायला मेसेजमध्ये गेला की ब्राउझर मागचं पान मिटवू शकतो. परत आल्यावर पान नव्याने उघडतं, फॉर्म कोरा. दर रकान्यानंतर मजकूर फोनच्याच लोकल स्टोरेजमध्ये ठेवला तर तो परत भरता येतो. बँकेचे तपशील किंवा आधार क्रमांक मात्र असे ठेवू नयेत.

बटणं केवढी असावीत?

ॲपल ४४ पॉइंट सांगतं, गूगलचं मटेरियल डिझाइन ४८. वेबवरच्या सुलभतेच्या २०२३ मधल्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांत किमान २४ पिक्सेल धरले आहेत. मी ४८ धरतो आणि शेजारच्या दोन बटणांत अंतर ठेवतो. शेतात, स्वयंपाकघरात बोटं ओली असतात.

तळाचं ‘ऑर्डर करा’ बटण काही फोनवर झाकलं जातं.

उंची १०० व्हीएच (पडद्याची पूर्ण उंची) दिली असणार. मोबाइल ब्राउझरची पत्त्याची पट्टी कधी दिसते, कधी लपते, आणि व्हीएच ती लपलेली धरूनच मोजतं. २०२२ पासून सफारी आणि क्रोम दोन्हींत आलेलं डीव्हीएच हे पट्टीप्रमाणे बदलणारं एकक वापरा, जुन्या ब्राउझरसाठी त्याआधी व्हीएचची ओळ राहू द्या. आयफोनच्या तळाच्या पट्टीसाठी सेफ-एरिया-इनसेट जोडा.

पैसे घ्यायला क्यूआर कोड टाकला आहे. पुरे ना?

ज्या फोनवर कोड दिसतो आहे, त्याच फोनने तो स्कॅन कसा करणार? गिऱ्हाईक स्क्रीनशॉट काढतो, ॲपमध्ये जातो, गॅलरीतून निवडतो, आणि बरेच जण वाटेतच सोडून देतात. मोबाइलवर यूपीआयची थेट लिंक द्या, बोट लावलं की ॲप उघडेल आणि रक्कमही भरलेली असेल. व्यापारी खात्याचा आयडी वापरा आणि तो कॉपी करता येईल असा मजकुरातही लिहा. क्यूआर कॉम्प्युटरच्या पडद्यावर ठेवा.

झूम बंद केलं तर मांडणी बिघडत नाही. करू का?

करू नका. मांडणी बिघडली तर ती दुरुस्त करता येते. चष्मा विसरलेल्या वाचकाकडे त्या क्षणी झूमशिवाय दुसरं काहीच नसतं.

एएमपी, म्हणजे गूगलने पुढे आणलेलं हलक्या मोबाइल पानाचं स्वरूप, करायला हवं का?

आता गरज नाही. २०२१ पासून गूगलच्या टॉप स्टोरीजसाठीही (शोधात वर येणाऱ्या बातम्यांच्या पट्टीसाठी) ती अट राहिलेली नाही. हलकं, नीट लिहिलेलं साधं पान तेच काम करतं.

साइटऐवजी ॲप करावं का?

वर्षातून एकदा आंबे घेणारा माणूस त्यासाठी ॲप ठेवणार नाही. रोज लागणारी गोष्ट असेल, म्हणजे वाचनालयातली पुस्तकं, दूध संघाची नोंद, तर आधी साइटलाच सर्व्हिस वर्कर (पानं फोनमध्ये साठवून ठेवणारा कोड) आणि मॅनिफेस्ट (साइटचं नाव, चिन्ह सांगणारी फाइल) जोडून होमस्क्रीनवर ठेवता येईल अशी करा. रेंज गेली तरी शेवटचं पाहिलेलं पान उघडतं. घाटात राहणाऱ्यांना हे किती मोलाचं आहे ते तिथे राहिल्यावर कळतं.

लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की चित्र येत नाही.

पानाच्या हेडमध्ये ओपन ग्राफचे टॅग लिहा: मथळा, दोन ओळींचं वर्णन आणि एक हलकी इमेज, पूर्ण पत्त्यासह. आपल्याकडे बहुतेक साइट व्हॉट्सॲपवरूनच पोचतात, तेव्हा तो छोटा चौकोन हीच तुमच्या दुकानाची पाटी. फेसबुक आणि इन्स्टाग्राममधून आलेला वाचक त्यांच्या आतल्या ब्राउझरमध्ये असतो. तिथे लॉगिन आणि पैसे देण्याची पायरी वेगळी तपासा.

साइट बघून द्याल का? काय पाठवू?

लिंक, फोनचं मॉडेल, ब्राउझरचं नाव आणि अडचण येतानाचं स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवा. ‘चालत नाही’ यापेक्षा वीस सेकंदांचा व्हिडिओ कितीतरी जास्त सांगतो. जमलं तर घरातल्या ज्येष्ठ माणसाला फोन द्या, एक काम सांगा, त्यांची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, आणि मधे काही सुचवू नका. कुठे बोट थांबतं तेच मला बघायचं असतं.